पथ्याच्या स्वयंपाकात खडे मीठ

पाककृतींच्या पुस्तकांत प्रत्येक जिनसाचे माप दिलेले असते. अपवाद एकाच जिनसाचा. वाटी, चमचा, चिमूट अशी सर्व मापे सांगून झाल्यावर शेवटी ‘मीठ चवीपुरते’ एवढेच लिहिलेले आढळते. निरोगी माणसाच्या घरात त्याने बिघडत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा अंगावरील सूज यांमुळे ज्या घरात डॉक्टरांनी मीठ मोजून खाण्यास सांगितले आहे, त्या घरात मात्र हीच मोघम सूचना सर्वांत महाग पडते. अशा घरांचा ओढा अलीकडच्या काळात खडे मीठ, शेंदेलोण, गुलाबी मीठ अशा प्रक्रिया न केलेल्या मिठाकडे वाढला आहे. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, वाण्याच्या दुकानात ही मिठे सहज मिळतात आणि साध्या मिठाच्या कितीतरी पट दराने विकली जातात. ‘हे नैसर्गिक आहे, म्हणून बाबांना चालते’ असे समर्थनही त्यासोबत ऐकू येते. हे समर्थन कोठवर खरे आहे, हे पाहणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

मिठागरांचा शेजार

मीठ म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी उपनगरवासीयांना दूर जाण्याची आवश्यकता नाही. पूर्व द्रुतगती महामार्गाने घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना उजव्या हाताला, ठाण्याच्या खाडीच्या अंगाने कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर आणि मुलुंडची मिठागरे पसरलेली दिसतात. पश्चिमेकडे दहिसर, मालवणी आणि पुढे भाईंदर येथेही तीच परंपरा आहे. या किनाऱ्यावरील आगरी समाजाचे नावच मुळी ‘आगर’ या शब्दावरून आलेले आहे.

पावसाळा सरला की मिठागरांतील गाळ उपसून बांध नीट केले जातात. उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन ते एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात फिरवीत उन्हावाऱ्याने दाट केले जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांपैकी पाऊणहून थोडा अधिक वाटा सोडियम क्लोराइडचा, म्हणजे आपल्या मिठाचा, असतो. पाणी आटू लागले की प्रथम चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात. त्यानंतर मिठाचे खडे धरू लागतात. सर्वांत शेवटी जे कडवट पाणी उरते, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. कसबी आगरी ते पाणी योग्य वेळी सोडून देतो आणि काढलेले मीठ ढीग घालून निथळत ठेवतो. कारण हे कडू पाणी खड्यांत राहिले तर मीठ ओलसर राहते व चवीला कडवट लागते. खड्या मिठाची जी ‘खनिजे’ म्हणून वाखाणली जातात, ती बहुतांशी या निथळून न गेलेल्या पाण्याची शेष असतात. चांगले मीठ पिकविणारा माणूस ज्यांना दूर सारण्यासाठी राबतो, त्यांचीच पाकिटावर जाहिरात व्हावी, हा योग मौजेचा आहे.

या मिठाला केवळ चव नाही, इतिहासही आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उपनगरांची मुख्य छावणी विलेपार्ले येथे होती. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तिची धुरा वाहिली. त्याच वर्षीच्या मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरावर सत्याग्रहींनी लाटांमागून लाटा नेल्या. समुद्राकाठी आपल्या हाताने उचललेले ओंजळभर मीठ हे स्वाभिमानाचे चिन्ह ठरले. ‘निसर्गातले मीठ’ या शब्दांना मराठी आणि गुजराती घरांत आजही जो मान आहे, त्याचे मूळ काही अंशी तेथे आहे. मात्र स्वाभिमान आणि रक्तदाब यांची गल्लत होऊ देता कामा नये.

मिठागरांचे भवितव्यही आता बदलत आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील मिळून २५५.९ एकर मिठागर जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी घेण्यास मान्यता दिली. पावसाळी पाणी सामावून घेणारी आणि स्थलांतरित पक्ष्यांना आसरा देणारी ही जमीन असल्याने तिला विरोधही झाला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची बाब निराळी आहे. दुकानातील खडे मीठ ‘आपल्या खाडीचे’ असेलच असे नाही. देशातील बहुतांश मीठ गुजरातेत पिकते आणि त्याखालोखाल तमिळनाडूचा क्रमांक लागतो. शहराचे सांडपाणी ज्या खाडीत जाते, तिच्या काठचे मीठ तपासणीवाचून थेट खाणे शहाणपणाचेही नाही. अशा जाड्या मिठाची जुनी गिऱ्हाइके म्हणजे मासळी खारविणारे, बर्फाचे कारखाने आणि चामड्याचा धंदा.

सोडियमचा हिशेब

पथ्याच्या संदर्भात मिठाचा दोष त्याच्या शुभ्रतेत नाही, सोडियममध्ये आहे. शुद्ध मिठात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम असते. खाण्याच्या मिठात कोरड्या वजनावर किमान ९६ टक्के सोडियम क्लोराइड असावे, असा आपल्याकडील अन्नविषयक मानकांचा दंडक आहे. चांगले शेंदेलोण वा गुलाबी मीठ ९६ ते ९८ टक्क्यांच्या आसपास भरते. कच्चे समुद्री मीठ याहून काहीसे खाली येते, पण फार नाही. याचा अर्थ असा की पाच ग्रॅम शुद्ध बारीक मिठातून सुमारे १,९५० मिलिग्रॅम सोडियम मिळत असेल, तर तेवढ्याच वजनाच्या शेंदेलोणातून १,९०० च्या आगेमागे मिळेल. ही बचत एका पापडानेही भरून निघते.

उरलेल्या दोन-चार टक्क्यांतील खनिजांचे महत्त्व किती? पाच ग्रॅम कच्च्या समुद्री मिठातून मिळणारे मॅग्नेशियम फार तर वीसेक मिलिग्रॅम भरेल. प्रौढ माणसाची दिवसाची गरज तीनशे ते चारशे मिलिग्रॅमची असते. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात याच्या कितीतरी पट मॅग्नेशियम असते आणि त्यासाठी रक्तदाबाची किंमत मोजावी लागत नाही.

येथे आणखी एक घोटाळा नित्य होतो. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ कधी ‘दोन ग्रॅम सोडियम’ म्हणतात, तर कधी ‘पाच ग्रॅम मीठ’. ही एकाच मर्यादेची दोन नावे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा हीच आहे. ‘दोन ग्रॅम’ हा आकडा मिठाचा समजून घरात हाहाकार माजविणारी कुटुंबेही असतात, आणि ‘पाच ग्रॅम’ हा सोडियमचा समजून निर्धास्त राहणारीही. पाकीटबंद पदार्थांवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मिठाचे वजन मिळते. रुग्णासाठी नेमकी मर्यादा कोणती, हे मात्र त्याच्या डॉक्टरांनीच ठरवावयाचे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी मुंबईच्या उकाड्यात आपल्या मनाने मीठ पूर्ण तोडले, तर रक्तातील सोडियम घसरून गुंगी व भ्रम होण्याचा धोका असतो.

खड्या मिठाबाबतचा आणखी एक भ्रम चमच्याने निर्माण होतो. सपाट चहाचा चमचा बारीक मीठ पाच ते सहा ग्रॅम भरते. तोच चमचा जाड खड्यांचा घेतला तर खड्यांमधील पोकळीमुळे वजन कमी भरते. त्यामुळे ‘खडे मीठ घातले तर कमी खारट होते’ असा अनुभव येतो. तो खोटा नाही. पण तो मिठाचा गुण नसून मापाचा आहे. पुढच्या वेळी चव येईना म्हणून दीड चमचा घातला की हिशेब पूर्ववत होतो.

आयोडीनची बाजू

अप्रक्रियायुक्त मिठाच्या चर्चेत सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत गंभीर बाब आयोडीनची आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात प्रा. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या पुढाकाराने १९५६ पासून झालेल्या दीर्घ प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे दिसून आले. त्यावरून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशव्यापी बंदी १९९८ मध्ये आली, २००० साली ती उठविली गेली आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. या धरसोडीच्या काळात ‘गरिबाचे साधे मीठ हिरावले’ असा आक्षेप घेण्यात आला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. २०११ पासून ही तरतूद अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांत आहे. खड्या मिठाच्या काही पोत्यांवर वा पाकिटांवर ते खाण्यासाठी नसल्याचा मजकूर असतो, तो या कारणाने. तो वाचावा.

‘समुद्राचे मीठ आहे, म्हणजे आयोडीन असणारच’ हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन जेमतेम पन्नास-साठ मायक्रोग्रॅम असते. ते सर्वच्या सर्व मिठात उतरले असे मानले, तरी पाच ग्रॅम मिठात आठ-नऊ मायक्रोग्रॅमच भरेल. प्रत्यक्षात त्यातील बराच भाग वाळताना व साठवणीत नाहीसा होतो. प्रौढाची गरज दिवसाला दीडशे मायक्रोग्रॅमची आणि गर्भवतीची अडीचशेची आहे. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दशलक्ष भागांत किमान पंधरा भाग आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे पाच ग्रॅममधून निदान ७५ मायक्रोग्रॅमची बेगमी होते.

पथ्याने मीठ आधीच निम्मे केले, आणि उरलेले निम्मेही आयोडीनविरहित शेंदेलोण घेतले, तर मिठाच्या वाटेने येणारे आयोडीन जवळजवळ शून्यावर येते. वर्सोवा किंवा गोराईच्या कोळी-आगरी घरात ही उणीव समुद्राची मासळी बऱ्याच अंशी भरून काढते. घाटकोपर वा मुलुंडच्या शाकाहारी घरात दूध-दह्याखेरीज फारसा आधार उरत नाही. एका रुग्णासाठी सबंध घराचे मीठ बदलले जाते, तेव्हा त्या घरातील गर्भवती सून आणि शाळकरी मुलेही त्याच डब्यातले मीठ खात असतात. रक्तदाब आजोबांचा असतो आणि आयोडीन नातवाचे जाते. खडे मीठच हवे असेल, तर आयोडीनयुक्त खडे मीठही मिळते. पाकिटावर तसा उल्लेख पाहून तेच घ्यावे.

उपवासाचे शेंदेलोण

उपवासाला साधे मीठ न चालणाऱ्या घरांत शेंदेलोण वापरतात. ‘सैंधव’ म्हणजे सिंधू प्रदेशातले. या मिठाचा मोठा स्रोत असलेल्या खेवड्याच्या खाणी पाकिस्तानातील पंजाबात आहेत आणि मे २०२५ पासून पाकिस्तानातून होणारी आयात भारताने बंद केली आहे. हिमाचलातील मंडी भागातही खनिज मिठाच्या खाणी आहेत. आयुर्वेदाने लवणांमध्ये सैंधवाला श्रेष्ठ मानले, हे खरे आहे. त्याच चरकसंहितेत पिंपळी, क्षार आणि लवण या तीन गोष्टींचा अतिवापर करू नये, असेही बजावले आहे. हा दुसरा भाग जाहिरातीत येत नाही. एकादशीला शेंदेलोण घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि उपवासाची मिरची एकाच दिवशी पोटात गेली, तर पथ्य त्या दिवसापुरते मोडलेच म्हणावयाचे.

याउलट मिठाविना राहण्याची शिस्तही याच उपनगरांत नांदते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गुजराती घरांतील मुली आषाढात पाच दिवस गौरीव्रत करतात आणि त्या काळात अळणी जेवतात. अळणी जेवण गळ्याखाली उतरतच नाही, ही तक्रार त्या मुलींकडे पाहिले की फारशी टिकत नाही. जीभ सवयीची गुलाम असते आणि काही आठवड्यांत ती नवी सवय लावून घेते. मीठ एकदम निम्मे करण्याऐवजी दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले, तर घरातील इतरांच्या ते लक्षातही येत नाही.

मोजण्याची रीत

खडे मीठ वापरावयाचेच असेल, तर त्याचे पाणी करून वापरण्याची जुनी घरगुती पद्धत पथ्यासाठी विशेष सोयीची आहे. आयोडीनयुक्त खडे मीठ ५० ग्रॅम तोलून घ्यावे. ते उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एकूण द्रव २५० मिलिलिटर भरेल एवढे पाणी घालावे. थोडा वेळ स्थिर ठेवले की माती व कचरा तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी दाट फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरावे. या पाण्याच्या पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात एक ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते. आता ‘चवीपुरते’ या शब्दाला आकडा मिळतो. रुग्णाच्या वाट्याला दिवसभरात तीन ग्रॅम स्वयंपाकातून द्यावयाचे ठरले असेल, तर सकाळच्या भाजी-आमटीत दीड चमचा आणि रात्री दीड चमचा, असा चोख हिशेब ठेवता येतो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण यासाठी उत्तम. हे पाणी पदार्थ शिजून उतरविताना घालावे. आयोडीनचा नाश त्यामुळे कमी होतो.

गाळण्याला दुसरेही एक कारण आहे. पवईच्या आयआयटी मुंबईतील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय समुद्री मिठाच्या तपासलेल्या नमुन्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण आढळले; मिठाचे पाणी वाळूतून गाळल्यास वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण दूर होतात, असेही त्यांनी दाखवून दिले. फडक्याने तेवढे साधणार नाही, हे उघड आहे.

रुग्णाची आमटी वेगळी शिजविण्याची सोय प्रत्येक घरात नसते. अशा वेळी सर्वांसाठी भाजी-आमटी अळणी शिजवून रुग्णाचा वाटा आधी काढावा, त्यात मोजलेले मीठपाणी घालावे आणि मग उरलेल्यात इतरांसाठी मीठ टाकावे. भाकरी, पोळी आणि भात यांत मीठ घालण्याची तर गरजच नाही. पानाच्या वरच्या टोकाला मीठ वाढण्याची आपली पद्धत सणासुदीला शोभते. पथ्याच्या पानावरून ते मीठ हटवून तेथे लिंबाची फोड राहू द्यावी. खड्या मिठाचा एक खरा उपयोग मात्र याच ठिकाणी आहे. कोशिंबीर आत न कालवता वरून दोन-चार भरड कण भुरभुरले, तर ते थेट जिभेवर विरघळतात आणि थोड्या मिठात अधिक खारटपणा जाणवतो. हे कणही दिवसाच्या मापातूनच घ्यावयाचे, हे सांगणे न लगे.

मिठाची उणीव आंबट, तिखट आणि सुवासिक जिनसांनी झाकता येते. लिंबू, आमचूर, लसूण, ओवा, भाजलेले जिरे, कोथिंबीर, मासळीच्या कालवणात तिरफळ यांचा हात सढळ असावा. कोकमाबाबत सावध असावे. आगळ मिठात टिकविलेले असते आणि आमसुलेही बहुधा मीठ लावूनच वाळवितात. ती धुऊन घ्यावीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना टोमॅटो, चिंच व शहाळे यांतील पोटॅशियमचेही बंधन असू शकते, त्यामुळे त्यांची आंबटाची निवड डॉक्टरांना विचारूनच व्हावी.

हीच सूचना ‘कमी सोडियमच्या’ मिठाला अधिक कडकपणे लागू आहे. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनमधील सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. रक्तदाबावर खरोखर परिणाम करणारे मीठ हवे असेल तर ते हे आहे, गुलाबी मीठ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस केली. परंतु मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्तींना त्यातून वगळले. अशा रुग्णांत आणि रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांत रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. शेजारणीच्या सल्ल्याने हे मीठ घरात आणणे म्हणूनच जोखमीचे आहे.

डब्याबाहेरचे मीठ

घरातील मीठ चोख मोजूनही रक्तदाब उतरत नसेल, तर नजर डब्याबाहेर वळवावी. पाव, फरसाण, लोणचे, सुके बोंबील, सॉस आणि नूडल्सची पुडी यांत मीठ असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. खाण्याचा सोडा आणि पापडखार हेही सोडियमचेच क्षार आहेत, हे मात्र विसरले जाते. खाण्याच्या सोड्यात वजनाने २७ टक्के सोडियम असते. म्हणून मीठ न घालता केलेला ढोकळाही पथ्यात बसेलच असे नाही.

घराचा एकूण वापर जोखण्याची एक सोपी युक्ती आहे. मिठाचे नवे पाकीट फोडताना त्यावर तारीख लिहावी. माणशी पाच ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात एक किलोचे पाकीट पन्नास दिवस पुरावयास हवे. ते महिन्याभरात संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमहून अधिक मीठ केवळ स्वयंपाकघरातून जात आहे, आणि रेल्वे स्थानकाबाहेर खाल्लेला वडापाव त्यात धरलेलाच नाही.